कूलर बसवावा की ओझं उतरवावं?

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं, आणि यंत्राशी माझा संबंध सायकलच्या पंपापुरताच राहिला. त्यामुळे आज मी गाडीच्या गिअरबॉक्समधल्या तेलावर बोलणार आहे, हे ऐकून आमच्या घरच्यांनाही हसू आलं. पण २०२३ च्या जून महिन्यात मी अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरी, माझ्या पुतण्याकडे मुक्कामाला होतो. तिथं तीन आठवडे घरात एकच विषय होता : गाडीला ट्रान्समिशन कूलर बसवायचा की नाही? जेवताना तेच, चहा पिताना तेच. ऐकता ऐकता मला त्यात रस वाटू लागला. आणि पुढे ध्यानात आलं की, हा प्रश्न वेगळ्या रूपात आमच्या घराण्यात आधी एकदा येऊन गेला होता. त्या वेळी आमचं उत्तर चुकलं होतं आणि त्याची किंमत आम्ही नऊ वर्षं फेडली होती. म्हणून आज तो तुमच्यापुढे मांडतो.

हा पुतण्या माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. तिकडे इंजिनिअर आहे. मला ‘बडे अब्बा’ म्हणतो. आमची घरातली बोली दखनी, पण इथं सगळं मराठीतच सांगतो. त्याच्याकडे सात आसनांची, ऑटोमॅटिक गिअरची गाडी आहे. त्या वर्षी त्यानं एक जुना कॅम्पर विकत घेतला. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली. आत दोन पलंग, शेगडी, छोटी मोरी, पाण्याची टाकी. गाडीच्या मागच्या हुकाला ती अडकवायची आणि ओढत न्यायची. त्याच्या मनात होतं की, बकरी ईद झाली की सगळ्यांनी मिळून निघायचं आणि बडे अब्बांना ग्रँड कॅनियन दाखवायचं.

बेत छान होता. अडचण रस्त्याची होती. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर आणि वाटेतलं फ्लॅगस्टाफ सुमारे २,१०० मीटरवर. आपलं महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, म्हणजे अंदाज येईल. शिवाय हा चढ एकसारखा नाही. ब्लॅक कॅनियन सिटी सोडलं की सनसेट पॉइंटपर्यंत लांबलचक घाट लागतो. पुढे रस्ता व्हर्दे नदीच्या खोऱ्यात पार साडेनऊशे मीटरपर्यंत उतरतो आणि तिथून पुन्हा वर चढायला लागतो. एकदा कमावलेली उंची गमवायची आणि परत कमवायची. उन्हाळा तर असा की, त्या घाटात रस्त्याकडेला सरकारी पाट्या आहेत : गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा.

अशा रस्त्यावर मागं खोली बांधून निघायचं, तर गिअरबॉक्सचं काय होईल, ही पुतण्याची काळजी. आता गिअरबॉक्स तापतोच का, हे आधी पाहू.

आपल्या नेहमीच्या गाडीत क्लच असतो. पायानं दाबला की इंजिन आणि गिअर वेगळे, सोडला की एक. अशा ऑटोमॅटिक गाडीत तो पायाचा क्लच नसतो. त्याच्या जागी ‘टॉर्क कन्व्हर्टर’ नावाचा एक बंद डबा असतो, तेलानं भरलेला. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. कन्व्हर्टरमध्ये तसंच होतं, फक्त वाऱ्याऐवजी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल भिरकावतो, तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं आणि दुसरा पंखा गिअरला. दोघांच्या मध्ये आणखी एक छोटं चाक असतं, ते तेलाची दिशा वळवून जोर वाढवतं. ही युक्ती हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ साली जहाजांसाठी शोधली होती. पुढे ती मोटारीत आली.

या युक्तीत सोय मोठी आहे. पण पहिला पंखा जेवढा फिरतो, तेवढा दुसरा फिरत नाही. मधलं तेल घुसळलं जातं, आणि घुसळण आली की उष्णता आली. सपाट रस्त्यावर एका वेगानं चाललं की आतला एक लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकतो. मग घुसळण थांबते. पण चढ लागला, मागं ओझं असलं, गाडी खालच्या गिअरमध्ये आली, की ते कुलूप पुन्हा उघडतं आणि घुसळण सुरू होते.

किती उष्णता? पुतण्यानं कागदावर हिशेब करून दाखवला, तो मला फार आवडला. गाडी, माणसं आणि कॅम्पर मिळून ४,००० किलो धरा. सहा टक्क्यांचा चढ, ताशी ८० किलोमीटरचा वेग. एवढं वजन नुसतं वर उचलायलाच सुमारे ५२ किलोवॉट शक्ती लागते. त्यातला दहावा हिस्सा जरी तेलाच्या घुसळणीत गेला, तरी पाच किलोवॉट झाले. आपल्या न्हाणीघरातला गीझर दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे अडीच गीझर, आणि तेही आठ-दहा लिटर तेलात, सतत चालू!

या तेलाकडे कामंही पुष्कळ आहेत. ते शक्ती पुढे पोचवतं, दाबानं आतल्या क्लचच्या चकत्या आवळून धरतं, दात्यांना वंगण देतं आणि वर आतली उष्णता बाहेर वाहून नेतं. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला ते सुखात असतं. काही नव्या गाड्यांत मुद्दाम थोडं जास्त तापमान राखतात, कारण गरम तेल पातळ होतं आणि इंधन वाचतं. पण १२० अंशांच्या वर ते भराभर जुनं होऊ लागतं. त्याचा चिकट थर आत बसतो, रबरी सीलं कडक होतात. दीडशेच्या आसपास गेलं की चकत्याच जळायला लागतात. वर्कशॉपमध्ये एक जुना अडाखा सांगतात : दर अकरा अंशांनी तेलाचं आयुष्य निम्मं. नवी तेलं यापेक्षा दणकट आहेत, पण दिशा तीच. चांगलं तेल लालसर, पारदर्शक दिसतं. जळालेलं तपकिरी होतं आणि त्याला करपट वास येतो. फोडणी करपली की घरात सगळ्यांना कळतं, इथं मात्र कळेपर्यंत गिअरबॉक्स गेलेला असतो. तो बदलायचा तर पुतण्याला तीन-चार हजार डॉलरचा खर्च सांगितला होता.

मग कंपनीनं काहीच सोय केलेली नसते का? असते. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल एका नळीनं पुढे आणून रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरवतात आणि परत पाठवतात. आपल्याकडे पूर्वी बंबातलं पाणी घंघाळात काढत. त्या घंघाळात तेलाचा तांब्या ठेवला, तर तेल पाण्याइतकं गार होईल, त्याहून जास्त नाही. हाही प्रकार तसाच. इंजिनचं पाणीच गरम असतं, तेव्हा तेल त्याच्या खाली जाणार नाही. थंडीत मात्र याचा उलटा फायदा होतो. सकाळी गारठलेलं तेल त्याच पाण्यानं लवकर ऊबदार होतं.

वरून बसवायचा कूलर निराळा. तो रेडिएटरच्या पुढे, समोरून येणाऱ्या वाऱ्यात बसवतात. चपट्या नळ्या, त्यांना पातळ पत्र्यांच्या पाकळ्या, आतून तेल, बाहेरून वारा. आपण कपातला चहा बशीत ओततो, पसरला की तो लवकर निवतो, त्यातलाच हा प्रकार. नव्वद डॉलरला मिळत होता. बसवायची मजुरी वेगळी.

मग अडचण कुठे होती? बसवून टाकायचा!

पुतण्याचंही तेच म्हणणं होतं. त्यातच दुकानदारानं त्याला सांगितलं की, हा कूलर बसवला की तुमची गाडी २,२६८ किलो ओढेल. म्हणजे पाच हजार पौंड. पुतण्या खूश झाला. कॅम्परमध्ये जनरेटर चढला, लोखंडी जाळी चढली, घडीची टेबलं चढली. सूनबाईंनी बिर्याणीची देग काढली. पाण्याची टाकी काठोकाठ भरली. मी आपला बाजूला उभा राहून कौतुकानं बघत होतो.

त्या रात्री पुतण्यानं त्याच्या अब्बांना, म्हणजे माझ्या भावाला, मिरजेला फोन लावला. तिकडे सकाळ होती. सगळा बेत ऐकून घेतल्यावर भाऊ म्हणाला, “वजन किती झालं?” पुतण्या म्हणाला, “अब्बा, कूलर बसवतोय, चालेल.” पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाला, “मी कूलरचं विचारलं नाही बेटा, वजन विचारलं.”

तो गप्प का झाला, ते मला ठाऊक होतं.

भाऊ लॉरी चालवायचा. नऊ टनाची गाडी, कर्जावर घेतलेली. इकडून साखरेची पोती घेऊन कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायचं आणि येताना जांभ्याचे चिरे भरून वर चढायचं. चढताना गाडी हटकून तापायची. घाटाच्या मध्यावर थांबायचं, बोनेट उघडायचं, पाणी निवेपर्यंत बिडी ओढत बसायचं, मग कॅनमधलं पाणी ओतून पुढे निघायचं. २००२ साली त्यानं एका मिस्त्रीकडून मोठा रेडिएटर बसवून घेतला. गाडी उकळायची थांबली. थांबली तशी हुंडेकऱ्यानं दोन टन माल वाढवला आणि भावानंही तो घेतला. हप्ता होता, पोरांची शाळा होती. दोन्हीकडच्या भाड्यात माल वाढला. सहा महिने बरे गेले. मग एका पावसाळी पहाटे साखर घेऊन घाट उतरताना ब्रेक तापले आणि पकडेनासे झाले. भावानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून दरीत गेली नाही. त्याचा पाय मोडला. साखर पावसात विरघळून गटारातून वाहून गेली. माल ओव्हरलोड होता, म्हणून विम्याचे पैसे मिळाले नाहीत. नसलेल्या लॉरीचे हप्ते आम्ही दोघांनी नऊ वर्षं भरले. हा पुतण्या तेव्हा बारा वर्षांचा होता.

हे सगळं त्याला माहीत होतं. पण आपल्या गाडीशी त्यानं ते जोडून पाहिलं नव्हतं. फोनवर भावानं एवढंच सांगितलं, “पाणी उकळायचं ते बरं होतं रे. तेवढं तरी मला थांबवायचं. ते बंद केलं आणि मला वाटलं, गाडीची ताकद वाढली.”

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं गाडीचं माहितीपुस्तक काढलं आणि आम्ही दोघं ते घेऊन बसलो. त्यात त्याच गाडीचे ओढायचे दोन आकडे दिलेले होते. कारखान्यातून ‘टो पॅकेज’ घेतलेली गाडी २,२६८ किलो ओढणार, पॅकेज नसलेली १,५८८ किलो. पुतण्याची गाडी जुनी घेतलेली, तिच्यात ते पॅकेज नव्हतं. आणि पॅकेज म्हणजे नुसता कूलर नव्हे. त्यात मोठा रेडिएटर होता, जास्त ताकदीचा पंखा होता, हूक आणि वायरिंग वेगळं होतं. दुकानदारानं पाचांतली एक वस्तू विकून पाचही वस्तूंचं फळ सांगितलं होतं.

हे आकडे येतात कुठून, याचीही एक गोष्ट आहे, आणि ती नेमकी ॲरिझोनातलीच आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं आकडा काढायची. मग २००८ साली तिकडच्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेनं त्यासाठी एक समान कसोटी ठरवली. त्यातला एक भाग राज्यातल्या ६८ क्रमांकाच्या रस्त्यावरच्या घाटावरून घेतला आहे. तो घाट डेव्हिस धरणापासून सुरू होतो. सुमारे १८ किलोमीटरमध्ये जवळजवळ ९०० मीटरचा चढ, हवा किमान ३८ अंश, एसी पूर्ण चालू, मागं पूर्ण ओझं. नेहमीच्या गाडीनं ताशी ६४ किलोमीटरच्या खाली न येता तो चढायचा आणि काही मोडता-गळता कामा नये. याखेरीज वेग घेणं, वळणावर ताबा राहणं, हुकाची मजबुती अशाही परीक्षा असतात. म्हणजे त्या एका आकड्यात इंजिन, रेडिएटर, चौकट, हूक सगळ्यांची साक्ष असते. त्यात एकट्या गिअरबॉक्सच्या तेलाची साक्ष कितीशी पुरणार?

मग आम्ही काट्यावर गेलो. तिकडे महामार्गालगत ट्रक थांबतात तिथं वजनकाटे असतात, आणि पैसे भरून कुणालाही गाडी तोलून घेता येते. पुढची चाकं, मागची चाकं, ट्रेलरची चाकं, सगळ्यांचं वजन वेगवेगळं मिळतं. कॅम्परच्या पाटीवर वजन लिहिलेलं होतं १,२२५ किलो. पण ते रिकाम्या खोलीचं. त्यात पाणी नाही, गॅसच्या टाक्या नाहीत, बॅटरी नाही, देग तर नाहीच नाही. काट्यानं सांगितलं १,७१० किलो. मर्यादेपेक्षा सव्वाशे किलो जास्त.

तसंच ओझं घेऊन त्याच दिवशी, शनिवारी, आम्ही दोघंच चाचणीला सनसेट पॉइंटपर्यंत गेलो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना डॅशबोर्डखाली तपासणीचा एक ठरावीक सॉकेट असतो. त्यात अंगठ्याएवढं यंत्र खुपसलं की त्याच्या गाडीत तेलाचं तापमान मोबाइलवर दिसत होतं. मोबाइल माझ्या हातात, वाचन करायचं काम माझं. सपाटीला ९३. घाट लागला, वेग ताशी १०५ होता, गिअर सारखा वर-खाली होत होता. १०१, १०८, ११५. कवितेच्या ओळी मोजणारा मी, अंश मोजत होतो आणि घसा कोरडा पडत होता. माथ्यावर १२४.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं कॅम्पर उपसला. पाण्याची टाकी रिकामी केली. एकशेपंधरा लिटर, म्हणजे तेवढेच किलो गेले. मुक्कामाच्या ठिकाणी पाणी मिळतंच. जनरेटर उतरवला, तो पन्नास किलोचा. जाळी, टेबलं, हत्यारांची पेटी, डबाबंद जिन्नस आणि सूनबाईंची क्षमा मागून देग, असं आणखी पासष्ट किलो निघालं. काट्यानं १,४८० किलो दाखवले. मग त्याच वेळेला, त्याच घाटात पुन्हा गेलो. या वेळी त्यानं गिअरचं ‘टो मोड’चं बटण दाबलं. त्यानं गिअर उगाच वर-खाली होत नाही आणि कन्व्हर्टरचं कुलूप जास्त वेळ लागलेलं राहतं. वेग ताशी ८०, उजव्या कडेनं, मालवाहू ट्रकांच्या मागं. माथ्यावर तापमान १०९.

म्हणजे एक डॉलरही खर्च न करता पंधरा अंश उतरले होते!

तर मग कूलर नकोच का? इथं मला वाटलं होतं, विषय संपला. पण पुतण्यानं नीट विचार केला. माथ्यावर पोचलो तेव्हा आकडा अजून वर सरकतच होता, स्थिर झाला नव्हता. व्हर्दे खोऱ्यातून फ्लॅगस्टाफचा चढ तर याहून मोठा, अकराशे मीटरच्या घरातला. जूनपेक्षा जुलै तापणार. आणि कॅम्पर घेतलाय तो एकदा वापरून ठेवण्यासाठी नाही, दर महिन्याला जायचं आहे. गाडीही दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. मर्यादेच्या आत ओझं असूनही तेल तापत असेल, तेव्हा कूलरचं काम खरोखर आहे. तो ताकद वाढवायला नव्हे, गिअरबॉक्सचं आयुष्य वाढवायला बसवायचा. मग त्यानं बसवून घेतला.

बसवताना मी शेजारी उभा होतो, तेव्हा चार गोष्टी कळल्या. एक, आधी जुनं तेल पाहिलं आणि बदललं. करपलेलं तेल गार करून ताजं होत नाही. दोन, रेडिएटरमधला मूळचा कूलर तोडून टाकला नाही. तेल आधी त्यातून, मग नव्या कूलरमधून, मग परत गिअरबॉक्सकडे, अशी वाट ठेवली. फ्लॅगस्टाफला हिवाळ्यात बर्फ पडतो, तेव्हा तेल ऊबदार करायला तो लागेल. वर एक छोटा थर्मोस्टॅट घातला, तेल गार असेल तेव्हा तो नवा कूलर टाळून वाट देतो. तीन, नळ्या गिअरबॉक्सच्या तेलासाठीच बनवलेल्या घेतल्या, कुठे घासणार नाहीत अशा बांधल्या. कारण नळी फाटली आणि तेल सायलेन्सरच्या तापलेल्या नळकांड्यावर पडलं, तर आग लागू शकते. कूलरही रेडिएटरच्या पाकळ्यांतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून न लटकवता पत्र्याच्या कोनांवर बसवला. चार, शेवटी तेलाची पातळी पुस्तकात सांगितलेल्या तापमानाला पुन्हा तपासली, कारण नव्या कूलरमध्ये आणि नळ्यांमध्येही तेल मावतं.

पुढच्या शनिवारी तिसरी चाचणी झाली. तेच ओझं, तोच घाट, तीच वेळ. माथ्यावर ९६.

आणखी एक हिशेब राहिला होता. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हुकावर, म्हणजे गाडीच्या पाठीवर बसायला हवा. कमी बसला तर ट्रेलर शेपटीसारखा हलतो. पुतण्याच्या हुकावर १९० किलो बसत होते. गाडीच्या दारावर एक चिकटपट्टी असते, माणसं आणि सामान मिळून किती, ते तीवर लिहिलेलं असतं. त्याच्या गाडीला ५७५ किलो. हुकावरचे १९० त्यातूनच वजा करायचे. उरलेल्या ३८५ मध्ये आम्ही पाच जणं आणि सामान बसवायचं. माझी पुस्तकांची पिशवी घरी राहिली ती यामुळं. ते तापमापकावर दिसलं नसतं आणि कूलरनं सुटलं नसतं.

बकरी ईद झाली आणि १ जुलैला, पहाटेची नमाज पढून, आम्ही चारच्या सुमाराला निघालो. त्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता, तेव्हा पहाटेचा गारवा हाच आमचा सगळ्यात स्वस्त कूलर. सूर्य वर यायच्या आत मोठा घाट मागं पडला. फ्लॅगस्टाफचा चढ चढताना तेल शंभरच्या आत राहिलं. परत येताना उतारावर मात्र पुतण्या कूलरबद्दल एक शब्द बोलला नाही. उतारावर त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथं खालचा गिअर, ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक आणि कमी ओझं, एवढंच कामाचं. माथ्यावरच त्यानं गिअर खाली घेतला आणि सबंध घाट ब्रेकवर पाय न रेटता उतरला. मी त्याच्याकडे पाहत होतो. मला कुंभार्ली आठवत होता, आणि त्यालाही आठवत असावा.

तुमच्यापैकी कुणाची मुलं, पुतणे, जावई तिकडे अशी खोली ओढत हिंडत असतील, तर त्यांना एवढं जरूर सांगा. कारखान्याचं टो पॅकेज असेल तर त्यात कूलर बहुधा आधीच असतो, पुस्तकात पाहावं. नसेल तर आधी काट्यावर तोलावं. मग भरल्या गाडीनं, आपल्याच रस्त्यावर, तेलाचं तापमान मोजावं. वर्षातून एखाद्या वेळी, सपाटीवर, मर्यादेच्या बऱ्याच खाली ओढत असाल आणि तेल शंभरच्या आत राहत असेल, तर नव्वद डॉलर वाचवा. घाट, ऊन आणि नेहमीची ये-जा असेल, मर्यादेत राहूनही आकडा चढत असेल, तर खुशाल बसवा. पण वजनच जास्त असेल, तर कूलर घेण्याआधी देग उतरवा.

आपल्याकडेही आता ऑटोमॅटिक गाड्या पुष्कळ झाल्या. पण त्यातल्या ज्यांना ए.एम.टी. म्हणतात, त्यांत हा तेलाचा डबा नसतो. त्यात नेहमीचाच क्लच असतो आणि तो यंत्र दाबतं. तेव्हा हा उपाय त्यांचा नव्हे. वजनाची गोष्ट मात्र उसाच्या ट्रॉलीपासून मालाच्या टेम्पोपर्यंत सगळ्यांना लागू आहे.

ग्रँड कॅनियनच्या कड्यावर उभं राहून पुतण्यानं भावाला फोन लावला. म्हणाला, “अब्बा, फोटो पाठवतो.” भाऊ म्हणाला, “फोटो नंतर. आधी काट्याची पावती पाठव.”

त्यानं ती पाठवली. १,४८० किलो. भावानं ती जपून ठेवली आहे असं वहिनी सांगते.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)